शस्त्रक्रियेनंतरचे सावरणे



या शाळेत विज्ञान शिकविण्यात ज्यांनी आपली हयात वेचली, त्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ चाललेल्या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, हा मी माझा बहुमान समजतो. या व्यासपीठावरून आजवर साहित्य, इतिहास, संगीत अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांची व्याख्याने झाली आहेत. मी पेशाने शल्यचिकित्सक. माझा विषय त्या मानाने रुक्ष आहे, आणि चारचौघांत ज्याचा उच्चार करावयास आपण संकोचतो असाही आहे. आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेला माणूस लवकर आणि नीट कसा सावरेल, या प्रश्नाचा विचार मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

हा विषय वैद्यकीय परिषदेत मांडण्याऐवजी शाळेच्या सभागृहात का मांडावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की या प्रश्नाचे निम्मे उत्तर रुग्णालयात सापडत नाही, ते घरात सापडते. शस्त्रक्रिया शल्यचिकित्सक करतो. पण रुग्णाने केव्हा खावे, केव्हा उठावे, त्याला काय सांगावे आणि काय सांगू नये, हे आपल्या समाजात बहुतांशी त्याचे कुटुंब ठरविते. म्हणून हे बोलणे कुटुंबांशी आहे.

प्रथम रोगाविषयी थोडे. आतड्याचा कर्करोग म्हणताना मला मोठे आतडे आणि गुदाशय यांचा कर्करोग अभिप्रेत आहे. २०२२ साली जगभरात या रोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली. आपल्या देशात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे. परंतु आपल्याकडचा रुग्ण बहुधा उशिरा येतो, आणि तरुण वयाच्या रुग्णांचे प्रमाणही तिकडच्यापेक्षा अधिक दिसते. शौचावाटे रक्त पडले की मूळव्याध असेल असे म्हणून महिनोन् महिने घरगुती औषधे चालतात, आणि आमच्याकडे येईपर्यंत रोगी अशक्त, रक्तक्षयाने पांढुरका झालेला असतो.

या रोगावरचा मुख्य उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. लंडनचे अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशयाच्या कर्करोगावरील आपली मोठी शस्त्रक्रिया १९०८ साली प्रसिद्ध केली. पुढे इंग्लंडमधील बेसिंगस्टोकचे बिल हील्ड यांनी गुदाशय त्याच्या भोवतालच्या चरबीच्या आवरणासह अखंड काढण्याचे महत्त्व १९८२ साली दाखवून दिले, आणि रोग त्याच जागी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण लक्षणीय घटले. १९९० नंतर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया होऊ लागल्या. शस्त्रक्रियेचे तंत्र असे सुधारत गेले. मात्र शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापासून घरी जाईपर्यंतचा रुग्णाचा दिनक्रम पिढ्यान् पिढ्या जवळजवळ तसाच राहिला.

तो दिनक्रम आपल्यापैकी अनेकांनी आपल्या घरच्या आजारपणात पाहिला असेल. आदल्या दिवशी जुलाबाचे औषध आणि एनिमा. मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही नाही. सकाळची म्हणून ठरलेली शस्त्रक्रिया दुपारी सुरू व्हायची, तोवर रुग्णाच्या घशाला कोरड पडलेली. नंतर नाकात नळी, पोटात नळी, लघवीची नळी आणि हाताला सलाईन. खाटेला 'निल बाय माउथ'ची पाटी. डॉक्टरांच्या फेरीत रोज एकच प्रश्न, 'गॅस पास झाला का?' तो होईपर्यंत चार-चार, पाच-पाच दिवस तोंडाने काही नाही. आणि टाके तुटतील या भीतीने रुग्ण खाटेला खिळलेला.

हे सारे कोणी निष्ठुरपणाने केले नाही. प्रत्येक रूढीमागे काही कारण होते. न्यूयॉर्कचे कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. प्रसूतीच्या वेळी भूल दिलेल्या स्त्रियांच्या पोटातील अन्न वा आम्ल श्वासनलिकेत शिरल्याच्या ६६ घटना त्यांनी ४४,०१६ प्रसूतींमधून नोंदविल्या होत्या. त्यांपैकी ज्या दोन स्त्रिया दगावल्या त्या घन अन्नाने गुदमरून. या धोक्यापासून बचाव म्हणून रुग्णाला उपाशी ठेवण्याची पद्धत अधिकच कडक झाली. धोका खरा होता. पण हळूहळू घन अन्न आणि साधे पाणी यांतला भेद पुसला गेला. वस्तुतः पाण्यासारखा स्वच्छ द्रव निरोगी जठरातून फार लवकर पुढे सरकतो. १९९९ साली अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूत्रांत स्वच्छ द्रव भुलीच्या २ तास आधीपर्यंत आणि हलका आहार ६ तास आधीपर्यंत घेण्यास मुभा दिली. तरीही मध्यरात्रीची ती मर्यादा अनेक ठिकाणी आजही पाळली जाते.

आतड्याला विश्रांती द्यावी, म्हणजे जोड भरून येईल, ही दुसरी समजूत. ऐकायला ती पटते. पण आपण काहीही खाल्ले नाही तरी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस आणि आतड्याचे स्राव मिळून दिवसाला कित्येक लिटर द्रव आतड्यात उतरतच असतो. तोंड बंद ठेवल्याने आतडे रिकामे राहत नाही. शिवाय लहान आतड्याची हालचाल शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच पूर्ववत होऊ लागते, जठराची एक-दोन दिवसांत, आणि मोठ्या आतड्याची दोन-तीन दिवसांत. तेव्हा चार घोट पाण्याने आतड्याला इजा होईल ही भीती निराधार होती.

आणि या रूढींची किंमत मोठी होती. ग्लासगोचे डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या दशकात पायाचे हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतील नायट्रोजन मोजला. दुखापतीनंतर शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खाऊ लागते, हे त्यांच्या मोजमापांतून दिसून आले. शस्त्रक्रिया ही एक प्रकारची दुखापतच होय. तिच्यात उपासाची भर पडते आणि अंथरुणावर पडून राहण्याची भर पडते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात १२ निरोगी वृद्ध व्यक्तींना १० दिवस अंथरुणावर ठेवले होते. त्यांना कोणताही आजार नव्हता, पोटभर जेवण मिळत होते. तरी दोन्ही पायांचे मिळून जवळजवळ एक किलो मांस झिजले. कर्करोगाने आधीच रोडावलेल्या, पोट उघडलेल्या, उपाशी माणसाचे काय होत असेल याची कल्पना आपण करू शकता. इंग्लंडचे रिचर्ड ॲशर यांनी १९४७ सालीच अंथरुणाच्या धोक्यांवर लेख लिहिला होता. फुप्फुसात कफ साठणे, पायाच्या शिरांत रक्ताच्या गाठी होणे, सांधे आखडणे, मन खचणे, सारे त्यात होते. पण रूढी एका लेखाने मोडत नाही.

ती मोडण्याचा पद्धतशीर प्रयत्न डेन्मार्कमध्ये झाला. कोपनहेगनजवळच्या ह्विदोव्र रुग्णालयातील शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी अगदी साधा प्रश्न विचारला. शस्त्रक्रिया यथासांग पार पडली आहे, तर मग हा रुग्ण आज रुग्णालयात का आहे? वेदना आहेत म्हणून? मळमळ आहे म्हणून? आतडे हलत नाही म्हणून? की केवळ नळी अजून काढलेली नाही म्हणून? प्रत्येक कारण वेगळे काढून त्यावर उपाय शोधावा, आणि सारे उपाय एकाच वेळी योजावेत, हा त्यांचा विचार. १९९७ साली त्यांनी तो एका निबंधात विस्ताराने मांडला. एकच रामबाण औषध सापडेल ही आशा त्यांनी सोडून दिली होती.

त्यांच्या पथकाने २००० साली सलग ६० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. हे रुग्ण तरुण नव्हते. निम्म्यांचे वय ७४ च्या वर होते. पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी बसवून वेदनाशमन, म्हणजे एपिड्यूरल. नाकातली नळी नाही. त्याच दिवशी तोंडाने पेय आणि त्याच दिवशी खाटेवरून उठणे. ६० पैकी ५७ रुग्णांना ४८ तासांच्या आत शौचास झाले, आणि निम्म्याहून अधिक रुग्ण दोन दिवसांत घरी गेले. जगभरच्या शल्यचिकित्सकांनी आधी यावर विश्वासच ठेवला नाही. २००४ साली याच गटाने १३० रुग्णांची तुलना जुन्या पद्धतीच्या १३० रुग्णांशी केली. मुक्काम ८ दिवसांवरून २ दिवसांवर आला होता.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. या नव्या पद्धतीत घरी गेलेल्यांपैकी २० टक्के रुग्णांना पुन्हा दाखल व्हावे लागले होते. जुन्या पद्धतीत हे प्रमाण १२ टक्के होते. तो फरक केवळ योगायोगाचाही असू शकत होता, पण डॅनिश मंडळींनी तो नजरेआड केला नाही. त्यांनी नियोजित मुक्काम दोनऐवजी तीन दिवसांचा केला आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आले होते. रुग्णालयातले दिवस कमी करणे हा या पद्धतीचा हेतूच नाही. माणूस लवकर सावरला की दिवस आपोआप कमी होतात. हा क्रम उलटा करून, खाट रिकामी हवी म्हणून रुग्णाला घरी धाडणे हे या विचाराचे विडंबन होय, आणि कोणी तसे करीत असेल तर कुटुंबीयांनी जाब विचारावा.

पुढे एडिंबरोचे केन फिअरन आणि स्टॉकहोमचे ओले युंगक्विस्ट यांच्या पुढाकाराने २००१ साली युरोपातील काही पथके एकत्र आली. २००५ साली त्यांनी मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेसाठी संयुक्त कार्यक्रम प्रसिद्ध केला, आणि २०१० साली या कामासाठी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. 'ईरास' या आद्याक्षरांनी हा कार्यक्रम आज ओळखला जातो. त्यात वीसएक बाबी आहेत. साऱ्या मी सांगत बसणार नाही. पण ज्यांचा आपल्या घरातल्या समजुतींशी संबंध येतो, अशा काही सांगतो.

पहिली सलाईनची. आपल्याकडे सलाईन म्हणजे ताकद, अशी दृढ भावना आहे. बाटली चढली नाही तर उपचारच झाले नाहीत, असे नातेवाइकांना वाटते. एक लिटर साध्या सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असते, प्रथिने नसतात. गरजेहून अधिक मीठ-पाणी शरीरात साठले की हातापायांना सूज येते ती आपल्याला दिसते. पण तशीच सूज आतड्याच्या भिंतीलाही येते आणि ते मंदावते. डेन्मार्कमध्येच २००३ साली १७२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत नेहमीच्या प्रमाणात द्रव दिलेल्यांपैकी ५१ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली, तर बेताने द्रव दिलेल्यांमध्ये ३३ टक्क्यांना. अर्थात फार कमी द्रव देणेही मूत्रपिंडांना घातक ठरते. तेव्हा मोजून द्यावे आणि रुग्ण पिऊ लागला की बाटली उतरवावी, हे श्रेयस्कर.

दुसरी वेदनेची. मॉर्फिनसारखी औषधे वेदना शमवितात, पण मळमळ आणतात आणि आतड्याला झोपवितात. म्हणून साधी वेदनाशामके, जखमेभोवती बधिरता आणणारी इंजेक्शने, पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत एपिड्यूरल, असे अनेक उपाय थोडे थोडे योजून मॉर्फिनची मात्रा कमीत कमी ठेवली जाते. आपले अनेक रुग्ण दुखणे सोसण्यात पुरुषार्थ मानतात. या ठिकाणी तो अंगाशी येतो. ज्याचे पोट दुखते तो खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठत नाही. आणि मग न्यूमोनिया होतो. दुखते आहे हे स्पष्ट सांगणे हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे.

तिसरी बाब पोट साफ करण्याची. नेदरलँड्समध्ये १३ रुग्णालयांत १,४३१ रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. जुलाबाचे औषध दिलेल्यांत आतड्याचा जोड गळण्याचे प्रमाण ४.८ टक्के होते, न दिलेल्यांत ५.४ टक्के, म्हणजे अर्थपूर्ण फरक नाही. पुढे जुलाबासोबत तोंडाने प्रतिजैविके दिली तर जंतुसंसर्ग कमी होतो का, ही चर्चा पुन्हा उघडली, आणि आज याबाबत शल्यचिकित्सकागणिक धोरण वेगळे दिसते. च्युइंगगमचेही असेच. चघळल्याने आतडे लवकर जागे होते, असे सुरुवातीच्या अनेक लहान अभ्यासांत दिसले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या डच चाचणीत मात्र या कार्यक्रमातील रुग्णांना त्याचा अधिक लाभ आढळला नाही. जुने ते सारे चूक आणि नवे ते सारे बरोबर, असा निवाडा विज्ञान देत नाही. जुने मोजून पाहावे तसेच नवेही मोजून पाहावे लागते.

या वीस बाबींपैकी कोणतीही एक एकटी फार मोठी नाही. त्या एकत्र पाळल्या तर फरक पडतो. स्वीडनमधील ९११ रुग्णांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या बाबतीत कार्यक्रमाचा ७० टक्के वा अधिक भाग पाळला गेला, त्यांच्यात पुढील ५ वर्षांत कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका इतरांहून ४२ टक्के कमी आढळला. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. जे मुळात सुदृढ होते त्यांच्याकडून अधिक पाळले गेले असेल, ही शंका राहते. तरी त्याची दिशा विचार करावयास लावणारी आहे.

आता मी मागे, म्हणजे शस्त्रक्रियेच्याही आधी जातो. निदान झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत बहुधा दोन ते चार आठवडे जातात. हा काळ आपण चिंतेत आणि तपासण्यांत घालवितो. कॅनडातील मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात फ्रान्को कार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच काळ वापरात आणला. ७७ रुग्णांपैकी काहींना शस्त्रक्रियेच्या चार आठवडे आधीपासून, तर काहींना शस्त्रक्रियेनंतर, तोच कार्यक्रम दिला: बेताचा व्यायाम, प्रथिनयुक्त आहार आणि मन शांत ठेवण्याचे शिक्षण. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शस्त्रक्रियेनंतर आठ आठवड्यांनी आधी तयारी केलेल्यांपैकी ८४ टक्के रुग्णांची चालण्याची क्षमता मूळ पातळीवर वा तिच्याही वर आलेली होती. नंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण ६२ टक्के होते. पुढे अनेक देशांतील २५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशी पूर्वतयारी केलेल्यांमध्ये गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण १७.१ टक्के होते, तर न केलेल्यांमध्ये २९.७ टक्के.

परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करून भागत नाही, हे शाळेच्या सभागृहात सांगण्याची गरज नाही. या पूर्वतयारीला यंत्रसामग्री लागत नाही. रोज अर्धा तास, दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाने चालणे. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा-दहा वेळा उठणे-बसणे. खोल श्वासाचा सराव. विडी-सिगारेट, तंबाखू आणि मद्य निदान चार आठवडे आधी बंद. रक्तक्षय असेल तर लोहाचे उपचार. आणि आहार. अशा रुग्णाला रोज शरीराच्या दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. आपल्या घरी आजाऱ्याला जे प्रेमाने दिले जाते, ते तांदळाची पेज, मऊ भात, साबुदाण्याची खीर, बिस्किटे आणि फळांचा रस. यांत प्रथिने फारच थोडी. घट्ट वरण, मुगाची धिरडी, दही, पनीर, चालत असेल त्याला अंडी व मासे, याकडे वळले पाहिजे. मधुमेह, हृदयरोग वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हे करावे. आणि आतडे बंद पडून तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली तर ही तयारी करण्यास सवडच नसते. पण जेथे सवड आहे तेथे ती वाया घालवू नये.

येथेच आपल्या समाजापुढचा सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. तपासणीचा अहवाल आला की मुलगा किंवा जावई एकटाच आत येतो, दार लावून घेतो आणि म्हणतो, 'डॉक्टरसाहेब, बाबांना काही सांगू नका. ते खचतील.' रुग्णाला 'गाठ आहे, काढायची आहे' एवढेच सांगितले जाते. यामागचे प्रेम मी जाणतो. पण ज्याला आपल्या रोगाचे नाव ठाऊक नाही, त्याने चार आठवडे नेटाने चालावे कशासाठी? पोट दुखत असता दुसऱ्या दिवशी उठावे कशासाठी? पुढे सहा महिने केमोथेरपी का घ्यावी? सावरण्याचा हा सारा कार्यक्रम रुग्णाच्या सहभागावर उभा आहे, आणि अज्ञानातून सहभाग येत नाही. माझा असा अनुभव आहे की बहुतेक रुग्णांना आधीच कळलेले असते. घरच्यांचे कुजबुजणे, एकदम गोड झालेले बोलणे, यांवरून ते ताडतात. आणि घरच्यांना दुःख होऊ नये म्हणून आपल्याला ठाऊक नाही असे दाखवितात. मग एकाच घरात दोन्ही बाजू एकमेकांपासून एकच गोष्ट लपवीत बसतात. रुग्णाला किती आणि कसे सांगायचे हे त्याच्याच कलाने घ्यावे. पण त्याने विचारले तर त्याला खोटे सांगू नये.

दुसरा प्रश्न स्टोमाचा. गुदाशयाच्या काही शस्त्रक्रियांत आतड्याचे तोंड पोटावर आणावे लागते, काही महिन्यांसाठी किंवा कायमचे. रुग्णाला कर्करोगापेक्षाही याचेच भय अधिक वाटते. अमेरिकेत क्लीव्हलंड येथे शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ साली नॉर्मा गिल या स्वतः स्टोमा असलेल्या बाईंना अशा रुग्णांना शिकविण्याच्या कामावर नेमले, आणि तेथून स्टोमा-परिचर्या ही स्वतंत्र शाखा उदयास आली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही तिचे शिक्षण दिले जाते. जाणकार परिचारिका शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाला उभे करून, बसवून, वाकवून पोटावर खूण करते. परकराची गाठ, लेंग्याची नाडी किंवा धोतराची निरी जेथे येते तेथे स्टोमा नको. मांडी घालून बसल्यावर पोटाला जेथे वळी पडते तेथेही नको. इतक्या साध्या विचाराने पुढची कित्येक वर्षे सुसह्य होतात. पिशवी हाताळण्याचा सराव शस्त्रक्रियेपूर्वीच केला तर घरी जाणेही लांबत नाही.

पण पिशवी सांभाळण्याहून कठीण असते ते मन सांभाळणे. स्टोमा असलेली माणसे देवघरात जाण्याचे सोडतात, लग्नकार्याला जाण्याचे टाळतात, पंगतीत बसत नाहीत. कित्येकदा घरचेच आडून सुचवितात. नीट बसविलेल्या पिशवीला वास येत नाही. असा माणूस पूजा करू शकतो, स्वयंपाक करू शकतो, शाळेत शिकवू शकतो. त्याला सोवळ्याओवळ्याच्या नावाखाली दूर ठेवणे म्हणजे वाचविलेल्या माणसाला पुन्हा गमाविणे होय.

आता घरी गेल्यानंतरचे. इंदूरसारख्या शहरात धार, खरगोन, झाबुआ अशा दूरच्या गावांहून रुग्ण येतात. चौथ्या-पाचव्या दिवशी घरी सोडलेल्या रुग्णाचे घर जर शंभर मैलांवर असेल, तर पहिले दहा दिवस शहरातल्या नातेवाइकाकडे राहणे शहाणपणाचे. आतड्याचा जोड गळण्याचा धोका याच काळात असतो. ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणे, उलट्या, छातीत धडधड, किंवा नुसते 'आज बरे वाटत नाही' हेही दुर्लक्षिण्याजोगे नसते. रात्री-अपरात्री कोणाला विचारावयाचे तो दूरध्वनी क्रमांक हाती असल्याविना रुग्णालय सोडू नये. पायाच्या शिरांत रक्त गोठू नये म्हणून कर्करोगाच्या रुग्णांना इंजेक्शने चार आठवड्यांपर्यंत द्यावी लागतात. बरे वाटते म्हणून ती मध्येच बंद करू नयेत.

लवकर सावरण्याचे महत्त्व येथे पुन्हा प्रत्ययास येते. अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी लागते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, ती सुरू होण्यास लागलेल्या दर चार आठवड्यांच्या विलंबामागे मृत्यूचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढलेला आढळला. ज्याचे अंगच भरून आले नाही त्याला ही औषधे देता येत नाहीत. तेव्हा सावरणे हा उपचारानंतरचा आराम नसून उपचाराचाच एक टप्पा आहे.

आणि अगदी अलीकडची बातमी. २०२५ साली, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील ५५ केंद्रांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पुरी झालेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना आरोग्यविषयक पुस्तिका दिल्या. उरलेल्यांना तीन वर्षे मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली नियमित व्यायाम दिला. तो फार अवघड नव्हता. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपाट्याने चालण्याइतकी भर. आठ वर्षांनंतर व्यायाम करणाऱ्यांपैकी ९०.३ टक्के हयात होते, इतरांपैकी ८३.२ टक्के. स्नायू-सांध्यांच्या तक्रारी व्यायाम करणाऱ्यांत थोड्या अधिक होत्या, हेही नोंदविले पाहिजे. एखाद्या नव्या औषधाने एवढा फरक पाडला असता तर त्याची किंमत लाखांत असती. येथे चांगले बूट आणि मागे लागणारे कोणीतरी, एवढेच लागले. त्यातही मागे लागणारे माणूस महत्त्वाचे. कारण पुस्तिका दोन्ही गटांच्या हाती होत्या.

श्रोतेहो, आपल्या घरात आजाऱ्याची सेवा म्हणजे त्याला उठू न देणे, त्याच्या हातात पेला देणे, त्याच्या अंगावर पांघरूण सारखे करणे. या सेवेत काही उणे नाही. तिची रीत मात्र बदलावी लागेल. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी वडिलांना हात देऊन खुर्चीवर बसविणे, तिसऱ्या दिवशी आईला वॉर्डाच्या टोकापर्यंत चालवून आणणे, भेटीला आलेल्यांनी 'पडून राहा' म्हणण्याऐवजी 'चला, दोन फेऱ्या मारू' म्हणणे, ही आजची सेवा आहे. ती डॉक्टर करू शकत नाही. एवढ्या रुग्णांत त्याला तेवढा वेळ नसतो, आणि त्याच्या शब्दाला मुलीच्या वा नातवाच्या शब्दाची किंमतही नसते.

या सभागृहात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण पुढे डॉक्टर होतील, काही परिचारिका होतील. पण आज ना उद्या आपल्या माणसाच्या खाटेपाशी बसण्याची वेळ प्रत्येकावर येणार आहे. त्या वेळी 'असेच करतात' हे उत्तर मिळाले, तर नम्रपणे पण न कचरता 'का?' असे विचारावे. तो प्रश्न विचारण्याचे शिक्षण याच वर्गांतून मिळते.